‘बालविभाग’ आला कुठून?

तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन गावच्या ग्रंथालयात जावं, तासभर सतरंजीवर बसून चित्रं बघावीत, एखादं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवावं आणि निघताना एक-दोन पुस्तकं घरी आणावीत, यात आता कुणाला नवल वाटत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ग्रंथालयांच्या दारात तसे फलकही लागतात. पण हा ‘बालविभाग’ आपल्याकडच्या व्यवस्थेत बराच उशिरा आला, आणि आल्यावरही त्यात नेमकं कोण बसणार हे नीट ठरलं नाही. लहान मुलाला घेऊन एका ग्रंथालयात हसून स्वागत होतं आणि दुसऱ्यात ‘पुस्तकं फाडेल हं’ असं ऐकायला मिळतं, या फरकाची मुळं तिथंच आहेत.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. रत्नागिरीत 1828 साली, नाशिकला 1840 साली आणि पुण्यात 1848 साली वाचनालयं निघाली. पणजीचं सार्वजनिक ग्रंथालय 1832 सालचं. ही सगळी मोठ्या माणसांची ठिकाणं होती: इंग्रजी शिकलेले कारकून, शिक्षक, वकील, अधिकारी. रत्नागिरीचं वाचनालय निघालं त्याच 1828 साली मुलांसाठी मराठीत छापील पुस्तकंही निघू लागली होती, पण ही दोन्ही एकमेकांना भेटायला पुढची कित्येक दशकं जावी लागली. 1906 साली ‘आनंद’ हे मुलांचं मराठी मासिक सुरू झालं तेव्हाही बालवाचक म्हणजे घरी टपालानं अंक येणारं मूल, असंच चित्र होतं.

याला ठळक अपवाद बडोद्याचा. मराठी राजघराण्याच्या या संस्थानात 1906 पासून सक्तीचं प्राथमिक शिक्षण होतं. 1910 साली अमेरिकेहून एक तज्ज्ञ बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं गेलं. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती आणि तिथं पुस्तकांबरोबर खेळ आणि चित्रंही ठेवलेली असत. मूल आधी खेळायला येईल आणि मग पुस्तकाकडे वळेल, हा विचार शंभर वर्षांपूर्वी या घराण्याच्या राज्यात झाला होता. आज ‘खेळता खेळता वाचन’ ही नवी कल्पना म्हणून मांडली जाते तेव्हा बडोद्याची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. बडोद्याची आणखी एक गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायला हवी. खेड्यातल्या लोकांनी वर्गणी जमवायची आणि तेवढीच भर सरकारनं आणि स्थानिक मंडळानं घालायची, अशी तिथली रीत होती. लोकांची संस्था आणि सरकारचा हातभार, हा साचा मराठी मुलखात चांगलाच रुजला.

आता कायद्याकडे येऊ. खरी गुंतागुंत इथं आहे.

मुंबई सरकारनं 1939 साली नेमलेल्या समितीनं मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरंड सुचवली. 1945 साली कोल्हापूर संस्थानानं स्वतःचा ग्रंथालय कायदा केला, मद्रास प्रांतानं 1948 साली केला आणि हैदराबाद राज्यानं 1955 साली. मराठवाडा तेव्हा हैदराबादेत होता. म्हणजे महाराष्ट्राचा कायदा 1967 साली झाला तेव्हा आजूबाजूला नमुने होते. त्यांतला महत्त्वाचा मद्रासचा. तिथं मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घ्यायचा आणि त्या पैशावर सरकारी यंत्रणेनं ग्रंथालयं चालवायची, अशी रचना होती. महाराष्ट्रानं उपकर नाकारला. सरकारनं दरवर्षी किमान 25 लाख रुपये ग्रंथालय निधीत घालायचे आणि त्यातून आधीपासून चालत आलेल्या नोंदणीकृत संस्थांना अनुदान द्यायचं, असं ठरलं. 1 मे 1968 पासून कायदा अमलात आला. 1970 च्या नियमांनी अनुदानासाठी या ग्रंथालयांचे अ (सगळ्यात वरचा), ब, क, ड असे वर्ग पाडले.

उपकर न घेण्याचा हा निर्णय योग्य होता का, यावर ग्रंथालय चळवळीत आजवर वाद चालू आहे. बाजूनं बोलणारे सांगतात की शंभर-सव्वाशे वर्षांच्या संस्था टिकल्या, त्यांची कार्यकारी मंडळं, देणगीदार, व्याख्यानमाला, सगळं जिवंत राहिलं. सरकारी खातं असतं तर ग्रंथालय म्हणजे आणखी एक कचेरी झाली असती. विरोधातले म्हणतात की हक्काचा पैसा गेला आणि दरवेळी अनुदानवाढीसाठी मोर्चे काढणं नशिबी आलं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण लहान मुलाच्या बाजूनं या वादाकडे फारसं कुणी पाहिलं नाही, म्हणून ते इथं जरा विस्तारानं मांडतो.

उपकर भरणाऱ्या गावात ग्रंथालय सगळ्या करदात्यांचं असतं. त्यांच्या घरातलं दोन वर्षांचं मूलही आपोआप त्यात येतं. संस्थेचं ग्रंथालय सभासदांचं असतं. वर्गणी भरली, अनामत ठेवली की माणूस आत येतो. आपल्याकडे या संस्थेच्या ग्रंथालयालाच कायद्यानं ‘सार्वजनिक ग्रंथालय’ म्हटलं. मग ‘सार्वजनिक’ म्हणजे काय? सगळ्यांना खुलं? सरकारची मान्यता असलेलं? की कुणाही व्यक्तीच्या मालकीचं नसलेलं? रोजच्या कारभारात यावर एक तोडगा निघाला. दर्शनी खोलीत वृत्तपत्रं आणि मासिकं, ती कुणीही येऊन फुकट वाचावीत. हा मुक्त वाचन विभाग. आतल्या बाजूला टेबल आणि त्यामागे पुस्तकांची कपाटं, ती सभासदांसाठी. हा देवघेव विभाग. एकाच इमारतीत ‘सार्वजनिक’चे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले.

बालविभाग या दोहोंपैकी कशात मोडतो? वरच्या वर्गांसाठी बालविभाग आणि महिला विभाग असावेत अशी अपेक्षा आली, तेव्हा संस्थांनी आपापल्या परीनं अर्थ लावला. बहुतेकांनी तो देवघेवीत घातला: बालसभासद करायचे, कमी वर्गणी घ्यायची, आठवड्याला एक पुस्तक द्यायचं. थोड्यांनी तो मुक्त वाचनासारखा चालवला: या, बसा, बघा. पहिल्या अर्थानं बालविभाग म्हणजे बालपुस्तकांचं कपाट, दुसऱ्या अर्थानं ती मुलांची खोली. शब्द एकच असल्यानं हा फरक कागदावर दिसतच नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला कपाट दाखवलं तरी ‘बालविभाग आहे’ असा शेरा मिळतो.

त्यात ‘बाल’ कुणाला म्हणायचं हेही धूसर राहिलं. व्यवहारात बालसभासद म्हणजे शाळकरी, स्वतः वाचता येणारं मूल. माझ्या मुलीचं नाव नोंदवायला मी गेलो तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. अर्जात नाव, पत्ता, पालकाची सही आणि ‘इयत्ता’ असा रकाना होता. शाळेत जायचीच होती अजून, म्हणून मी तिथं रेघ मारली. टेबलावरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “वाचता येत नाही ना अजून? मग पुस्तक कुणाच्या नावावर देऊ?” प्रश्न रास्त होता. त्यांच्याकडे असलेल्या नोंदवहीत ऐकणाऱ्या वाचकाला जागा नव्हती. पुस्तक माझ्या खात्यावर गेलं. मुलीसाठी बाईंनी वेगळीच वाट काढली. मुक्त वाचन विभागात येणाऱ्यांनी सही करायची वही असते, ती तिच्यापुढे ठेवली. तिनं सहीच्या चौकटीत एक वाकडं वर्तुळ काढलं, आणि शेजारी बाईंनी स्वतःच्या अक्षरात तिचं नाव लिहिलं. पुढचं वर्षभर दर शनिवारी त्या वहीत एक वर्तुळ पडत गेलं. नियमात न बसणाऱ्या वाचकाला एका माणसानं बसवून घेतलं.

पुस्तकांच्या कपाटांना लागणाऱ्या कुलपांचा प्रश्नही याच रचनेतून आला. पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं की ती संस्थेची मालमत्ता. गहाळ झालं तर जाब ग्रंथपालाला. म्हणून काचेची दारं, कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा. वाचकानं थेट कपाटाशी जावं, या मुक्तद्वार पद्धतीचा पुरस्कार भारतात 1930 च्या दशकापासून होत आला आहे. मोठ्यांच्या बाबतीत निदान यादीतून नाव निवडता येतं. तीन वर्षांच्या मुलाला यादी काय कामाची? ते पुस्तक निवडतं ते हातात घेऊन, पानं उलटून, कधी तोंडात घालून. लहानांच्या विभागात मुक्तद्वार नसेल तर तो विभाग बंदच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तकं फाटतात, हे खरं. चित्रपुस्तक चांगलं चाललं तर वर्ष-दोन वर्षांत त्याचा कणा सुटतो. अशी पुस्तकं यादीतून काढायला निर्लेखन करावं लागतं: यादी, कार्यकारी मंडळाचा ठराव, नोंदवहीत शेरा. कोशाचा खंड आणि बाळाचं चित्रपुस्तक, दोघांना नियम सारखाच. या सोपस्काराच्या धास्तीनं कितीतरी चित्रपुस्तकं कोरी करकरीत राहून पिवळी पडली. पहिल्या पानावर जांभळा शिक्का, आतल्या ठरावीक पानावर दुसरा, शेवटी चिकटवलेल्या तारखेच्या कागदावर एकही तारीख नाही, अशी पुस्तकं मी स्वतः हाताळली आहेत.

पुस्तकांचा पुरवठा मात्र सत्तरच्या दशकात बराच सुधारला. ‘किशोर’ मासिक 1971 साली सुरू झालं. त्याच सुमारास केंद्राच्या प्रकाशनसंस्थेची स्वस्त, रंगीत बालपुस्तकं मराठीत येऊ लागली आणि सोव्हिएत रशियातून भाषांतरित होऊन आलेली गुळगुळीत कागदावरची पुस्तकं जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली. 1972 साली कोलकात्यात ग्रंथालयांना मदत करणारं केंद्रीय प्रतिष्ठान निघालं. त्याच्या योजनांमध्ये बालविभागासाठी स्वतंत्र साहाय्य आलं. पण ही पुस्तकं मुख्यतः वाचू लागलेल्या मुलांची. दोन-तीन वर्षांच्यांसाठी जाड पुठ्ठ्याची, एका पानावर एक ओळ असलेली मराठी पुस्तकं ग्रंथालयाच्या खरेदीत दिसू लागली ती अगदी अलीकडे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत घडामोडी झपाट्यानं झाल्या. 2009 साली नाशिकहून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या दारी पाठवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे त्यात मुलांच्या वेगळ्या पेट्याही आल्या. 2012 साली राज्यातल्या अनुदानित ग्रंथालयांची महसूल यंत्रणेकडून पडताळणी झाली. तेव्हा ही संख्या बारा हजारांच्या घरात होती. काही ग्रंथालयं कागदावरच असल्याचं निघालं आणि नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं थांबलं. कारवाई गरजेची होती, तरी तिचा फटका बसला तो शहरांच्या कडेला वाढलेल्या नव्या वस्त्यांना. तरुण आईबाप आणि लहान मुलं तिथंच जास्त, आणि तिथं ग्रंथालयच नव्हतं. सोसायट्यांमधल्या हौशी बालग्रंथालयांनी ही पोकळी थोडी भरली, अर्थात पैसे भरू शकणाऱ्यांपुरती.

4 मे 2017 रोजी महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. 25 ठिकाणी, बरीचशी लोकांच्या घरांत, विषयवार पुस्तकं मांडली गेली. त्यांत बालसाहित्याचं घर आहे. तिथं ना वर्गणी, ना अनामत, ना कुलूप. कुणीही यावं आणि बसून वाचावं. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा पहिला, सगळ्यांना खुला हा अर्थ सरकारनं इथं स्वतः उचलून धरला, म्हणून पर्यटनाच्या पलीकडेही मला भिलारचं महत्त्व वाटतं. पणजीत पाटो भागातल्या नव्या इमारतीत गेलेल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही मुलांसाठी प्रशस्त विभाग आहे. मात्र ते सरकारी ग्रंथालय, त्याची तुलना आपल्याकडच्या ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाच्या संस्थेशी करणं अन्यायाचं होईल.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत सगळी दारं बंद झाली. महाराष्ट्रात ग्रंथालयं 15 ऑक्टोबर 2020 पासून उघडायला परवानगी मिळाली. योगायोगानं तो वाचन प्रेरणा दिन. पण दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच राहावं अशी सूचना होती. म्हणजे मोठे वाचक परतले आणि बालविभागाची खोली आणखी बराच काळ बंद राहिली. काही ठिकाणी त्या काळात तिथं जुने अंकांचे गठ्ठे ठेवले गेले, आणि ते अजून हललेले नाहीत.

नोव्हेंबर 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर झाली. ‘ड’ वर्गाचं वर्षाचं अनुदान 30 हजारांवरून 48 हजारांवर गेलं. अनुदानाचा अर्धा भाग वेतनाचा, म्हणजे त्या वाढीच्या हिशेबानं दार उघडणाऱ्या माणसाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये. एवढ्या पैशात तो रोज दोन-तीन तास दार उघडं ठेवतो, तेही बहुधा संध्याकाळी, नोकरदार सभासद परतण्याच्या वेळी. अंगणवाडी दुपारी सुटते.