वर्तन मोजायला शिकवणारे ३१५ तास

एक मूल भिंतीवर डोकं आपटतं. शिक्षिका धावत येऊन त्याला जवळ घेते. दुसरं मूलही तसंच आपटतं, पण गणिताची वही समोर आली की. त्याला वर्गाबाहेर नेलं की ते गप्प होतं. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. प्रत्यक्षात पहिल्याला लक्ष मिळतंय आणि दुसऱ्याची गणितातून सुटका होतेय. मग दुसऱ्याला शिक्षा म्हणून बाहेर काढलं, तर ते डोकं आपटायचं बक्षीसच ठरतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे प्रयोगाने तपासलं. स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांना त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटं वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवलं. कधी इजा केली की कुणीतरी काळजीने बोलायचं, कधी अवघड काम द्यायचं आणि इजा केली की ते थांबवायचं, कधी नुसतं खेळू द्यायचं, कधी एकटं सोडायचं. बहुतेकांमध्ये इजेचं प्रमाण एका ठरावीक परिस्थितीत वाढलेलं दिसलं, आणि ती परिस्थिती सगळ्यांची एकच नव्हती. ‘हा मुलगा असं का करतो?’ या प्रश्नाला अंदाजाऐवजी आलेखावर उत्तर मिळालं.

वर्तन कशामुळे घडतं हे मोजून ते बदलू पाहणाऱ्या शास्त्राला उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे एबीए, म्हणतात. अमेरिकेत त्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा गाभा हाच आहे. तिथल्या प्रमाणन मंडळाच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत किमान ३१५ तासांचं वर्गशिक्षण आहे. त्यातले ९० तास तत्त्वज्ञान आणि मूळ संकल्पनांना, ४५ तास मोजमाप आणि प्रयोगरचनेला. वर साधारण दोन हजार तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, आणि मग परीक्षा.

मोजमापाचा भाग बाहेरून रटाळ वाटतो. मला मात्र तोच सगळ्यात रंजक वाटतो. ‘मूल चिडचिड करतं’ असं इथे लिहून चालत नाही. चिडचिड म्हणजे काय? वस्तू फेकणं? किती लांब गेली तर ‘फेकली’ म्हणायचं, हातातून निसटली तर मोजायची का? व्याख्या ठरली की दोन निरीक्षक एकमेकांकडे न बघता नोंदी करतात. त्या किमान ८० टक्के जुळाव्यात असा प्रघात आहे. जुळल्या नाहीत तर दोष मुलाचा नाही, व्याख्येचा.

पुढचा प्रश्न असा की उपायाचा गुण आला हे सिद्ध कसं करायचं? औषधांच्या चाचण्यांत शेकडो रुग्णांचे गट असतात. इथे बहुधा एकच मूल, आणि त्याची तुलना त्याच्याशीच. आधी काहीही न बदलता नुसती नोंद करायची, मग उपाय सुरू, मग तो काढून घ्यायचा, मग पुन्हा सुरू. वर्तन प्रत्येक वेळी त्यामागोमाग वर-खाली झालं, तर योगायोगाची शंका मावळते. पण डोकं आपटणं थांबवणारा उपाय केवळ पुराव्यासाठी काढून घ्यायचा? अशा वेळी दोन-तीन मुलांवर किंवा दोन-तीन ठिकाणी उपाय टप्प्याटप्प्याने सुरू करतात. जिथे सुरू झाला तिथेच, तेव्हाच बदल दिसला, तर तेवढा पुरावा पुरतो.

त्या ३१५ तासांत नीतिशास्त्राचेही ४५ तास आहेत, आणि ते शोभेचे नाहीत. फ्लोरिडातल्या सनलँड मायामी या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांना वर्तनसुधारणेच्या नावाखाली मारहाण होत होती, शिव्या दिल्या म्हणून त्यांचं तोंड डिटर्जंटने धुतलं जात होतं. १९७२ मध्ये ते उघड झालं. पुढे फ्लोरिडाने वर्तन विश्लेषकांसाठी परीक्षा सुरू केली आणि १९९८ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय प्रमाणन मंडळ तिच्याच धर्तीवर उभं राहिलं.

मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांचा एबीएतला १९८७ चा प्रसिद्ध अभ्यासही आज दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. १९ स्वमग्न मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं. त्यांतली नऊ मुलं सर्वसाधारण शाळेत, सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोहोचली. पण कोणत्या मुलांना हे शिक्षण द्यायचं आणि कोणाला तुलनेच्या गटात ठेवायचं, ही वाटणी यादृच्छिक नव्हती, आणि त्या शिकवण्यात मोठ्याने ‘नाही’ म्हणून ओरडणं होतं, क्वचित मांडीवर चापटही होती. लहानपणी एबीए घेतलेले कित्येक स्वमग्न प्रौढ आज विचारतात, की हात फडफडवण्यासारखी सवय थांबवून नेमकं कुणाचं भलं झालं? मला हा प्रश्न टाळण्याजोगा वाटत नाही. वर्तन बदलता येतं, एवढ्यावरून ते बदलावंच असं ठरत नाही.

पुण्या-मुंबईतल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आधीच तपासावी. १ जानेवारी २०२३ पासून हे अमेरिकी प्रमाणन मंडळ अमेरिका, कॅनडा अशा मोजक्या देशांतल्या रहिवाशांचेच नवे अर्ज घेतं. भारतात राहून तिथला अभ्यासक्रम पूर्ण केला, तरी त्या परीक्षेला बसता येईलच असं नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं देणाऱ्या इतर संस्था आहेत; फी भरण्यापूर्वी त्यांच्या अटी वाचाव्यात, आणि देखरेख करणारी व्यक्ती आपल्या शहरात मिळेल का हेही विचारून घ्यावं.