फ्रिट्झिंग

फ्रिट्झिंग हे इलेक्ट्रॉनिक सर्किट जुळवण्याचे आणि त्यावरून पीसीबी, म्हणजे सुटे भाग तांब्याच्या रेषांनी जोडणारा छापील बोर्ड, आखण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात २००७ साली त्याचे काम सुरू झाले आणि त्याला ब्रांडेनबुर्ग राज्य शासनाचे अर्थसाहाय्य मिळाले. ते अभियंत्यांसाठी नव्हतेच. आर्डुइनो हा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड घेऊन ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय भाग खोचायच्या भोकांच्या पाटीवर, काहीतरी चालते करणारे, पण सर्किट डायग्राम वाचता न येणारे कलावंत, डिझाइनर आणि हौशी माणसे निर्मात्यांच्या डोळ्यांपुढे होती.

म्हणूनच अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डायग्रामपासून सुरुवात होते, तर फ्रिट्झिंग उघडल्यावर ब्रेडबोर्डपासून करता येते. यादीतला रेझिस्टर उचलून बोर्डावर टेकवला, की त्याचा पाय ज्या पाच भोकांच्या ओळीत शिरला ती ओळ हिरवी होते. पाय अधांतरी राहिला तर तो लाल दिसतो. रेझिस्टर २२० ओहमचा असेल तर त्यावर लाल, लाल, तपकिरी पट्टे दिसतात. किंमत बदलून १० किलोओहम केली की तिथल्या तिथे तपकिरी, काळा, नारिंगी होतात. रंगांचे कोष्टक घोकण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

इथे केलेली जोडणी डायग्राम आणि पीसीबी या दुसऱ्या दोन दृश्यांत आपोआप उतरते, कारण तिन्हींमागे सर्किट एकच असते. तिथे सुटे भाग तुटक रेषांनी एकमेकांशी बांधलेले दिसतात. या रेषांच्या गुंत्याला रॅट्सनेस्ट म्हणतात. एकेक रेषा ओढून तिचा तांब्याचा ट्रॅक करायचा आणि गुंता सोडवायचा. नवशिक्याचे खरे शिक्षण इथे होते. ब्रेडबोर्डवर एका वायरवरून दुसरी वायर खुशाल जाते. तांब्यात मात्र एकाच बाजूचे दोन ट्रॅक एकमेकांना ओलांडले तर शॉर्ट. मग भाग फिरवून पाहा, ट्रॅक बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला न्या, नाहीतर जम्पर, म्हणजे वरून जाणारा वायरचा तुकडा, टाका. ट्रॅक आपोआप आखणारा ऑटोराउटर आहे, पण पहिले दोन-तीन बोर्ड हातानेच आखावेत. शेवटी डिझाइन नियमांची तपासणी चालवली, की फार जवळ आलेले ट्रॅक आणि पॅड (भागांचे पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा) दाखवले जातात.

कारखान्यात बोर्ड करून घ्यायचा तर तिथे लागणाऱ्या गर्बर नमुन्यातल्या फाइली निघतात. घरी टोनरचा छाप इस्त्रीने तांब्यावर उतरवून नको असलेले तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड काढणाऱ्यांसाठी पीडीएफ निघते, सरळ आणि आरशातली अशा दोन्ही प्रकारांत. कोणती वापरायची हे छापण्याआधीच पक्के करावे, कारण चुकीची घेतली तर आयसीच्या पिना उलट्या क्रमाने येतात आणि हे बहुधा बोर्ड तयार झाल्यावरच कळते.

प्रोग्राम जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली खुला आहे. अलीकडच्या तयार आवृत्त्या उतरवून घेताना मात्र काही युरो द्यावे लागतात. नव्या आवृत्त्यांत सर्किट कसे चालेल ते संगणकावरच दाखवणारा सिम्युलेटरही आला आहे; तो एन्जीस्पाइस या मुक्तस्रोत प्रोग्रामवर चालतो.

मर्यादा उघड आहेत. बोर्ड जास्तीत जास्त दोन थरांचा होतो, आणि भाग वाढले की ब्रेडबोर्डचे चित्र वायरींच्या जंजाळात हरवते. तिथून पुढे लोक कीकॅड या पीसीबी आखण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे वळतात. मुंबईत आयआयटीच्या फॉसी या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात तयार झालेले ईसिम हे कीकॅड आणि एन्जीस्पाइस एकत्र आणते; पण त्यात सुरुवात डायग्रामपासूनच करावी लागते.