सोलापुरात शाळा किंवा कार्यालय बांधताना हरित मानांकन आणि वाढीव एफएसआयचा अर्ज

सोलापूर महापालिका हद्दीत वीज वाचवणारी शाळा किंवा कार्यालय बांधणाऱ्याला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार मूळ एफएसआयवर (भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधता येते त्याचे गुणोत्तर) वाढीव एफएसआय मिळतो. ही नियमावली डिसेंबर 2020 पासून लागू आहे. ग्रिहा आणि आयजीबीसी या हरित इमारतींना दर्जा देणाऱ्या मानांकन पद्धती आहेत. ग्रिहाचे 3 तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हर मिळाल्यास 3 टक्के, 4 तारे किंवा गोल्डला 5 टक्के, 5 तारे किंवा प्लॅटिनमला 7 टक्के. भूखंड 4000 चौरस मीटरचा आणि मूळ एफएसआय 1.10 धरला, तर मूळ क्षेत्र 4400 होते. त्यावर 3 टक्के म्हणजे 132 चौरस मीटर, म्हणजे दोन वर्गखोल्या आणि पुढचा व्हरांडा. सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इमारतींना किमान 3 तारे सक्तीचेच आहेत. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या भूखंडाला मात्र हे लागू नाही, तिथे एमआयडीसीचे स्वतःचे नियम चालतात.

बांधीव क्षेत्र 2500 चौरस मीटरच्या वर असेल तर ग्रिहा, त्याखाली स्वग्रिहा, म्हणजे ग्रिहाचीच लहान इमारतींसाठीची पद्धत. आयजीबीसीची शाळांसाठी वेगळी मानांकन पद्धतही आहे. कोणतीही निवडा, पण नोंदणी आराखडा पक्का होण्याआधी करा. सगळ्यात जास्त फायली इथेच अडतात. स्लॅब पडल्यावर नोंदणी केली, तर खोदकामात वरची सुपीक माती वेगळी ठेवली का, राडारोडा कुठे गेला, याचे पुरावे उरत नाहीत आणि मानांकनातले ते गुण परत मिळत नाहीत.

नोंदणीनंतर मानांकन देणाऱ्या संस्थेकडून पूर्व-प्रमाणपत्र घ्यायचे आणि ते बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडायचे. वाढीव एफएसआय त्यावरच मंजूर होतो. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, झोन दाखला, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची संमतीपत्रे आणि अग्निशमन विभागाची ना हरकत लागते. शाळा ट्रस्टची असेल तर नोंदणी दाखला, धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट-1 चा उतारा आणि विश्वस्त मंडळाचा ठराव हवा. उताऱ्यावरचे नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. एका ठिकाणी ‘शिक्षण संस्था’ आणि दुसरीकडे ‘शिक्षण मंडळ’ असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

आता आराखड्याकडे, कारण मानांकनाचे गुण आणि मुलांचा उन्हाळा दोन्ही तिथेच ठरतात. सोलापूर 17 अंश 40 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणून सगळ्यात जास्त उष्णता छतातून येते. माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या छताची जुनी घरे का गार राहायची, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आजच्या आरसीसी स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर विटांचा कोबा आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचा (फरशीच्या तुकड्यांचा) थर हवा. नुसता पांढरा रंग मारला तर धुळीने तो लवकर मळतो आणि परावर्तन घटते.

दक्षिणेच्या 1.2 मीटर उंच खिडकीला 45 सेंटीमीटरचा छज्जा पुरतो. 21 मार्चला दुपारी सूर्य सुमारे 72 अंशांवर असतो आणि छज्जाची सावली 1.4 मीटर खाली उतरते. डिसेंबरात सूर्य 49 अंशांवर, तेव्हा थोडे ऊन आत येते आणि त्या दिवसांत ते हवेच असते. पश्चिमेला हा हिशोब चालत नाही. दुपारी चारनंतरचे तिरपे ऊन छज्जाखालून थेट फळ्यावर येते. तिथे वर्गखोली ठेवूच नका. जिना, स्वच्छतागृहे, भांडारखोली ठेवा, नाहीतर उभ्या फिन (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या) किंवा जाळी लावा. कार्यालयाला पश्चिमेला काचेची पूर्ण भिंत देण्याचा आग्रह धरू नका, कारण तिथला एसी मग संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

बांधकाम चालू असताना काच, उष्णतारोधक थर आणि पंप-पंखे यांची बिले, चाचणी प्रमाणपत्रे आणि तारखेचे फोटो एका फाइलमध्ये ठेवत जा. अंतिम मानांकनाच्या वेळी तपासनीस प्रत्यक्ष जागेवर येऊन ते पाहतात. कंत्राटदाराने आराखड्यातली काच बदलून साधी बसवली, तर गुण घटतात. पूर्व-प्रमाणपत्रात कबूल केलेला दर्जा भोगवटा दाखला (इमारत वापरण्याची परवानगी) घेताना मिळाला नाही, तर न मिळालेल्या दर्जासाठी दिलेल्या वाढीव एफएसआयवर रेडीरेकनरच्या जमीन दराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. त्यामुळे 5 तारे लिहून पाठवण्याआधी आपला कंत्राटदार खरोखर कितीपर्यंत पोहोचेल ते तपासा आणि तेवढेच मागा.