सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्याने सफाई वाढत नाही

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांत दिवाळीची साफसफाई निघाली की खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून मोरीपासून शेगडीपर्यंत सारे लख्ख करण्याचा सल्ला हमखास मिळतो. मिश्रण जोरात फसफसते, म्हणून ते जालीम असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा समज चुकीचा आहे.

व्हिनेगर आम्लधर्मी आणि सोडा अल्कधर्मी असल्यामुळे दोन्ही एकमेकांचा गुण मारतात. फेस असतो कार्बन डायऑक्साइडचा, आणि तो विरला की मागे सोडियम ॲसिटेट मिसळलेले पाणी तेवढे उरते. ५ टक्क्यांच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरचे आम्ल संपवायला जेमतेम ७ ग्रॅम सोडा पुरतो.

म्हणून दोन्ही वेगवेगळे वापरावेत. बोरिंगच्या जड पाण्याने नळाच्या तोंडाशी जो पांढरा, खरखरीत थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून मग जुन्या टूथब्रशने घासले, की तो भिजल्या चुन्यासारखा सुटून येतो. ओशट शेगडीला ओलसर सोडा पुरे.

मात्र कोटा फरशी आणि संगमरवर यांतही तेच कॅल्शियम कार्बोनेट असल्याने व्हिनेगरने त्यांची झिलई कायमची जाते. ब्लीचमध्ये तर व्हिनेगर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.