मालमत्ताहक्क आणि उद्योजकता

जमीन, घर, यंत्र किंवा कल्पना वापरण्याचा, तिचे उत्पन्न घेण्याचा, ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा समाजमान्य अधिकार म्हणजे मालमत्ताहक्क. प्रत्यक्षात ही अनेक हक्कांची मोळी असते : शेत कसणारा एक, ते विकण्याचा अधिकार दुसऱ्याचा, बांधावरची झाडे तिसऱ्याची. उद्योजक पैसा आणि कष्ट आज घालतो, फळ काही वर्षांनी येते. मधल्या काळात ते कोणी हिरावून नेणार नाही, ही खात्री नसली की माणूस हात आखडता घेतो.

पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या संस्थेने लिमा शहरात शिवणकामाचा छोटा कारखाना रीतसर नोंदवून पाहिला. त्याला २८९ दिवस लागले. अशा खेट्यांमुळे गरिबांची घरे आणि धंदे कागदावर येतच नाहीत. ती तारण ठेवता येत नाहीत, म्हणून दे सोतो त्यांना ‘मृत भांडवल’ म्हणतात. मात्र कागद मिळाला की कर्ज मिळेल, हा अंदाज फारसा खरा ठरला नाही. अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सजवळ १९८१ मध्ये बेघर कुटुंबांनी मोकळी जमीन व्यापली. पुढे ती ताब्यात घेऊन या कुटुंबांना देण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा काही मूळ मालकांनी भरपाई घेऊन जमीन सोडली, काही कोर्टात गेले. त्यामुळे वस्तीत एकाला मालकीपत्र मिळाले आणि शेजाऱ्याला नाही. मालकी मिळालेल्यांनी घरे सुधारली, त्यांची मुले जास्त शिकली. कर्ज मात्र जेमतेमच वाढले.

शाश्वत विकासाशी या हक्कांचे नाते शेतात सर्वांत स्पष्ट दिसते. घानाच्या अक्वापिम भागात जमिनीचा कस भरून यावा म्हणून ती काही वर्षे पडीक ठेवतात. पण पडीक जमीन कुळातल्या दुसऱ्या कोणाला दिली जाण्याची भीती असते. गावात ज्यांच्याकडे अधिकारपद आहे ते निर्धास्तपणे जास्त काळ जमीन पडू देतात. बाकीचे, विशेषतः स्त्रिया, ती लवकर कसायला घेतात आणि त्यांचे पीक घटते. जमिनीची हेळसांड अज्ञानातून होते असे सहज म्हटले जाते. इथे तिच्या मुळाशी भीती आहे. नायजरमध्ये वसाहतकाळापासून झाडे सरकारी मानली जात, म्हणून शेतकरी शेतात रोप टिकू देत नसत. १९८० च्या दशकापासून हा अंमल सैल होत गेला. शेतकऱ्यांनी जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे राखले आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परतली.

खात्री देण्यासाठी खाजगी मालकीच हवी असे नाही. सामायिक कुरणाचा नाश अटळ आहे, हे पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचे १९६८ मधील प्रतिपादन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष उदाहरणांनी खोडले. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाचा नियम १५१७ चा आहे : हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या.

नोंदणी अन्यायही करू शकते. वहिवाटीतले अनेक हक्क एका नावात दाबले की पत्नीचा, मेंढपाळाचा किंवा जळण गोळा करणाऱ्यांचा हक्क कागदावरून पुसला जातो. इथिओपियाने या शतकाच्या सुरुवातीला कमी खर्चात जमिनीची प्रमाणपत्रे वाटली, तेव्हा बऱ्याच भागांत त्यांवर पती-पत्नी दोघांची नावे आणि काही ठिकाणी दोघांचे फोटोही लावले.