रस्त्याच्या आखणीत सापडलेला परदेशी

पुरातत्त्वज्ञ उत्खननाची जागा स्वतः निवडतो, तेव्हा पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेचं, टेकाड, पडकी तटबंदी, निदान खापरं विखुरलेलं शेत तरी बघतो. रस्ता बांधण्याआधीच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणात मात्र जागा ठरते इंजिनिअरच्या आखणीने. मग एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं अशा जमिनीत खणावं लागतं. माझ्या मते या सर्वेक्षणांची खरी गंमत इथेच आहे.

इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाचा दंडक असा, की बांधकामाने जे पुरावशेष नष्ट होणार, त्यांची नोंद बांधणाऱ्याच्या खर्चाने व्हायची. केंब्रिज ते हंटिंग्डन या ‘ए-१४’ रस्त्याच्या सुमारे ३४ किलोमीटरच्या कामासाठी अडीचशेच्या आसपास पुरातत्त्वज्ञ राबले.

अशा कामात कुदळ सगळ्यात शेवटी येते. आधी विमानातून काढलेले फोटो पाहतात. बुजलेल्या जुन्या चरात ओल टिकते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात त्यावरचं पीक जास्त काळ हिरवं राहतं आणि वरून चराची रेघ उमटलेली दिसते. मग मॅग्नेटोमीटर हे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र घेऊन शेत पालथं घालतात. चूल किंवा भट्टी पेटली की मातीतल्या लोहाचे चुंबकीय गुण बदलतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला (हे ते मोजण्याचं एकक). यंत्र त्यातला एक-दोन नॅनोटेस्लांचा फरकही टिपतं. एवढं झाल्यावर पोकलेन येतो, तोही बिनदातांचं सपाट बकेट लावून. वरची माती पातळ थरांनी खरवडली जाते आणि शेजारी एकजण खाली नजर लावून चालत असतो. मातीचा रंग बदलला की हात वर, यंत्र थांबलं.

ए-१४ वर नवाश्मयुगातली तीन वर्तुळाकार बांधकामं, चाळीसहून अधिक रोमन कुंभारभट्ट्या आणि इसवी सन २६९ मध्ये जेमतेम दोन महिने राज्य केलेल्या लेलियानस या बंडखोर सम्राटाचं नाणं मिळालं.

पण मला सगळ्यात भावला तो ऑफर्ड क्लूनी गावाजवळचा एक तरुण. एका चरात एकटाच पुरलेला, सोबत काहीही नाही. त्याच्या कानाच्या आतल्या हाडातून डीएनए काढला, तर त्याचे पूर्वज निघाले कॉकेशस आणि सार्मेशियन प्रदेशाकडचे (सार्मेशियन म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातले घोडेस्वार लोक), म्हणजे पार युरोपच्या दुसऱ्या टोकाचे! दात लहानपणी घडतात आणि त्या वेळच्या आहाराची खूण जपून ठेवतात. ज्वारी आणि राळ्यासारख्या भरड धान्यांत कार्बनच्या एका जड प्रकाराचं प्रमाण गव्हापेक्षा जास्त असतं. हा मुलगा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत अशाच धान्यावर वाढला. पुढे ते कमी होऊन गहू वाढत गेला. बालपणीच तो पश्चिमेकडे निघाला होता.

त्याचा मृत्यू इसवी सन १२६ ते २२८ च्या दरम्यानचा. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने १७५ मध्ये ५,५०० सार्मेशियन घोडेस्वार ब्रिटनला धाडल्याची नोंद आहे. त्यांच्यापैकी कुणाच्या कुटुंबाबरोबर हा आला असावा, असा संशोधकांचा कयास. थडग्यात ना शस्त्र, ना घोड्याचा साज, त्यामुळे तूर्त तो कयासच आहे.