गिअर जड पडतो म्हणजे गिअरबॉक्स गेला?

वापरलेल्या मॅन्युअल गाडीचा गिअर जड पडू लागला की गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा त्याच्या बाहेरच असतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि सुरू केल्यावर अडत असतील, रिव्हर्स टाकताना तर कर्रकन आवाज येत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नाही, असे समजावे: क्लचच्या हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा दाब द्रवातून पोचवणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरलेली असते, त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर गळत असतो किंवा क्लच केबल ताणून सैल झालेली असते. बंद इंजिनावरही जड वाटल्यास आधी गिअर केबल व लिंकेजचे (गिअरचा दांडा गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सांध्यांचे) बुश पाहावेत. एकाच गिअरला करकर होत असेल, तर मात्र सिंक्रोनायझर रिंगवर (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या गिअरबॉक्समधल्या कडीवर) संशय रास्त आहे. गिअरबॉक्समध्ये जाड तेल ओतण्याचा उपाय तर उलटाच. थंड असताना त्याने गिअर अधिकच अडतो.